सभापतींच्या बैठकीतला मासा

तेलगावात मला भाड्याची खोली मिळाली ती माझ्या नोकरीकडं बघून नव्हे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नुकताच लागलो होतो आणि कॉलनीत जागा नव्हती. सभापतींच्या माडीवर एक खोली रिकामी आहे, पण ते कुणाला देत नाहीत, असं लोक सांगत. तरी मी गेलो. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "केमिस्ट म्हंजी नेमकं काय करता तुमी?"

"उसाच्या रसात साखर किती आहे ते मोजतो."

"मीठ मोजता यील का? पान्यातलं?"

मी म्हणालो, आमचं सगळं साखरेचं असतं. त्यावर ते म्हणाले, "साखर मोजता यीती, तर मिठानं काय घोडं मारलंय?" आणि मला हाताला धरून बैठकीत घेऊन गेले.

बैठक म्हणजे रस्त्याकडची लांबलचक खोली. भिंतीला पाठ लावून प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग. कधीकाळी ते पंचायत समितीचे सभापती होते, तेव्हा या खुर्च्यांवर सकाळपासून माणसं बसून असत. पद गेलं, माणसं गेली, पण खुर्च्या तशाच होत्या आणि नावही तसंच राहिलं होतं. गावातलं शेंबडं पोरही त्यांना सभापतीच म्हणे. खुर्च्यांच्या समोर, जिथं पूर्वी त्यांचं टेबल असायचं, तिथं काचेची भली मोठी टाकी होती. टाकीत दगडांचा ढीग, आणि ढिगामागून एक डोळा माझ्याकडं बघत होता. तो डोळा आधी पुढं, मग मागं, असा वेगळाच फिरला. मग मासा बाहेर आला. वीतभर लांब, हिरवट काळा, अंगावर तिरप्या केशरी रेघा, आणि एवढ्याशा तोंडात बाहेर आलेले दात. तो सरळ माझ्या दिशेनं आला आणि काचेवर आपटला. मी मागं सरकलो.

"सगळेच मागं सरतात," सभापती समाधानानं म्हणाले. "समुद्रातला हाय. ट्रिगर म्हनतात त्याला. ह्याच्या पान्यात मीठ जरा कमी झालं का हा रुसतो, जास्त झालं का हा रुसतो. मला त्यातलं कळत न्हाई. तुमी मोजत जा आन् माडीवर बिनघोर ऱ्हावा."

मग मी पुण्याहून खाऱ्या पाण्याची घनता मोजायची काचेची नळी मागवली, आणि त्या घरातला झालो.

मासा त्यांच्याकडं आला त्याची गोष्ट ते स्वतः फार रंगवून सांगत. त्यांची मुलगी पुण्यात दातांची डॉक्टर. पेशंटचं मन रमावं म्हणून तिनं दवाखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती, रंगीबेरंगी मासे सोडले होते. त्यात हा एक आला आणि त्यानं बाकीचे एकेक करून संपवले. गोगलगाई खाल्ल्या, पाणी तापवायच्या नळीची वायर कुरतडली, टाकी साफ करणाऱ्या माणसाचं बोट फोडलं. मुलगी त्याला दुकानदाराकडं परत द्यायला निघाली, आणि नेमके तेव्हाच सभापती दाताची कवळी बसवायला तिच्याकडं गेले होते. त्यांनी तासभर त्या माशासमोर बसून काढला. मग म्हणाले, ह्याला मी नेतो. टाकी, दगड, पाण्याचे ड्रम आणि मासा असं सगळं टेम्पोत घालून, वाटेत प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबून ड्रममध्ये डोकावत ते तेलगावात आले.

"कावून आनला म्हनून समदे इचारतात," ते सांगत. "आरं, मी एवढी वर्सं राजकारनात काढली. मला बगून हात न जोडनारं हे पयलंच जनावर भेटलं."

रोज सकाळी अंघोळ करून, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून ते टाकीसमोर बसत आणि पेपर मोठ्यानं वाचत. आवाज माईकच्या सवयीचा. घरातसुद्धा ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असंच बोलायचे. पुढाऱ्याचं भाषण वाचून झालं की माशाकडं बघून विचारायचे, "काय, पटतंय का?" मासा पाण्याच्या वर तोंड काढून पिचकारी मारायचा. त्याला खायला हवं असायचं म्हणून तो मारायचा, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी कपड्यांवरचं पाणी झटकत ते म्हणत, "विरोधक आसावा तर आसा. समोरून यीतो."

माशाला कोळंबी लागायची. घर माळकऱ्यांचं. काकूंच्या, म्हणजे सभापतींच्या बायकोच्या, स्वयंपाकघरात कांदासुद्धा जपून यायचा. त्यामुळं कोळंबीसाठी बैठकीतच एक छोटा फ्रीज घेतलेला होता आणि त्याला कुलूप होतं. गळ्यात तुळशीची माळ घातलेले सभापती लांब चिमट्यानं कोळंबी उचलून पाण्यात धरायचे आणि तोंड फिरवून घ्यायचे. मी एकदा विचारलं, तुम्हाला चालतं हे? ते म्हणाले, "मी खात न्हाई. त्याच्या धर्मात मी पडत न्हाई, माझ्या धर्मात त्यो पडत न्हाई." दात झिजावेत म्हणून टणक काहीतरी द्यावं लागे, तर माजलगावच्या धरणावर जाळी टाकणारे लोक शिंपल्या आणून देत. मासा त्या फोडायचा तेव्हा कडाकडा आवाज व्हायचा. काकू आतून म्हणायच्या, "बसला का तुमचा जावाई जेवायला?"

उन्हाळ्यात गावात टँकर सुरू झाला की लोक बोलायचे. माणसांना प्यायला पाणी नाही आणि सभापती माशासाठी समुद्र कालवतात. ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी वाद घातला नाही. घरच्या बोअरचा पाइप कंपाउंडच्या भिंतीतून बाहेर काढून नळ बसवला. आधी गल्लीनं पाणी भरायचं, मग घरानं, मग माशानं. टाकीतलं जुनं खारं पाणी ते घरामागच्या वेड्या बाभळीला घालत. ती बाभूळ त्यांना कित्येक वर्षांपासून मारायची होती. मिठानं मरेल असं वाटलं होतं, पण ती मेली तर नाहीच, उलट फोफावली. त्याचा त्यांना राग येई आणि थोडं कौतुकही वाटे.

एका दिवाळीला मुलगी आली ती पिशवीत दोन छोटे पिवळे मासे घेऊन. म्हणाली, "आण्णा, तो एकटा असतो म्हणून चिडका झालाय. सोबत दिली की सुधारेल." सभापती नको म्हणत होते, पण लेकीपुढं त्यांचं चाललं नाही. पिवळे मासे टाकीत सोडले. ट्रिगर दगडाच्या कपारीत जाऊन बसला, बाहेरच येईना. मुलगी खूश झाली. आम्ही सगळे फराळाला आत गेलो. चहा पिऊन परत आलो तेव्हा एका पिवळ्या माशाची शेपटी गेलेली होती आणि दुसरा वर तरंगत होता. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणाल्या, मेल्याला समुद्रात नाहीतर विहिरीत सोडून या. मुलगी आत गेल्यावर सभापती खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "एका घरात दोगं ऱ्हानार आसतील, केमिस्टसायेब, तर घर बी तेवढं मोठं लागतं."

त्या वाक्याचा अर्थ मला काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितला.

सभापतींना एक धाकटा भाऊ होता. गाव त्यांना तात्या म्हणे. आईवडील लवकर गेले, सभापतींनीच त्यांना वाढवलं, शाळेत घातलं, लग्न करून दिलं. निवडणुकीत भिंती रंगवण्यापासून मतदार गाडीत घालून आणण्यापर्यंत सगळं तात्या करत. दोघं एका ताटात जेवत, काकू म्हणाल्या, मला वेगळं ताट वाढायला लागायचं नाही. आणि एका निवडणुकीला तात्या समोरच्या पक्षाकडून सभापतींच्या विरोधात उभे राहिले आणि निवडून आले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. तात्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. पुढच्या खेपेला तेही पडले, राजकारण सुटलं, त्यांनी दूध संकलनाचं केंद्र टाकलं. बायको वारली, मुलं पुण्यात नोकरीला गेली. "तिच्या मौतीला आमी गेलतो," काकू म्हणाल्या, "पर हे दोगं एकमेकाकडं न बगता उभे व्हते. गल्लीतून भावजी जायला लागले का हे पेपर वर धरतात. एवढीच भाऊबंदकी उरली आता."

मग तो मे महिना आला. गावची डीपी जळाली आणि वीज गेली. महावितरणचा माणूस म्हणाला, नवी यायला दोनचार दिवस लागतील. इन्व्हर्टरवर टाकीतली हवेची मोटर चालली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीही बंद पडली. ऊन असं की पत्र्यावर पोळी भाजावी. मी थर्मामीटर घातला आणि आकडा सभापतींना सांगितला नाही. त्यांना सांगायची गरजही नव्हती. एरवी काचेवर धडका देणारा मासा वर आला होता, एका अंगावर कलंडला होता, आणि त्याचे कल्ले भराभर हलत होते. सभापतींनी बोट पाण्यात घातलं. तो चावला नाही. बोटाला घासून नुसता वाहत गेला.

आम्ही तांब्यानं पाणी उपसून वरून परत ओतत होतो, म्हणजे तेवढीच हवा मिसळेल. काकूसुद्धा पदर खोचून आल्या होत्या. मी म्हणालो, थंड करायला बर्फ हवा आणि मोटरला वीज हवी. गावात दोन्ही एकाच ठिकाणी होतं. तात्यांच्या दूध केंद्रावर मोठा जनरेटर होता, आणि पनीर बाहेरगावी पाठवायला ते पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवत.

"मी जाऊन येतो तात्यांकडं," मी म्हणालो.

"न्हाई." सभापती तांब्या खाली ठेवून उठले. "मासा माझा हाय. मागायचं तर मीच मागीन."

ते आत गेले. भिजलेला शर्ट बदलून इस्त्रीचा घातला, टोपी घातली. उमेदवारी अर्ज भरायला निघाल्यासारखे भर दुपारी घराबाहेर पडले. त्यांच्या मागं मी. गल्लीत सावलीला बसलेली माणसं उठून उभी राहिली. सभापती कुठल्या दिशेनं चाललेत ते मान वळवून बघत राहिली.

तात्या केंद्राच्या ओट्यावर कॅन धुऊन पालथे घालत होते. तेच उंच हाड, तेच नाक, फक्त अंगानं भरलेले. सभापती दाराबाहेर उन्हात थांबले. आत पाऊल टाकलं नाही.

"बर्फ पायजे," ते म्हणाले.

तात्यांनी वर बघितलं नाही. हातातला कॅन धूत राहिले. "कोनाला?"

"माशाला."

"कावून?"

"लाईट न्हाई. पानी तापलंय." इथं त्यांचा तो शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज मागंच उभ्या असलेल्या मलाही जेमतेम ऐकू आला. "मराया लागलाय."

तात्यांनी कॅन खाली ठेवला आणि भावाकडं बघितलं. मला वाटलं, आता ते काहीतरी ऐकवणार, इतक्या वर्षांचं साठलेलं. ते म्हणाले, "टाकीत पानी किती हाय?" मी सांगितलं. त्यांनी कामावरच्या माणसाला जनरेटर पिकअपमध्ये चढवायला सांगितला, आणि स्वतः फ्रीझर उघडून गोठलेल्या बाटल्या दोन्ही हातांनी छातीशी धरल्या. "चल, व्हय पुढं," ते सभापतींना म्हणाले. "उनात उभा ऱ्हाऊन काय करतू."

त्या घरात ते किती वर्षांनी पाऊल टाकत होते, ते मी विचारलं नाही. काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाजूला झाल्या. बाटल्या एकदम टाकायच्या नाहीत, पाणी हळूहळू गार झालं पाहिजे, असं मी सांगितलं. मग तात्याच बाही वर करून एकेक बाटली पाण्यात सोडत, काढत, परत सोडत बसले. जनरेटर घराबाहेर धडधडायला लागला आणि टाकीत हवेचे बुडबुडे उठले. सभापती शेजारी उभे. दोघं भाऊ पाण्याकडं बघत होते.

ऊन उतरायला लागलं तसा मासा सरळ झाला. आधी शेपटी हलली, मग तो दगडाजवळ गेला, एक फेरी मारून आला. तात्या बाटली काढायला वाकले आणि त्यानं त्यांच्या अंगठ्याच्या बाजूला कडकडून चावा घेतला. पाण्यात लाल धागा पसरला.

सभापती म्हणाले, "वळख ठिवली न्हाई त्यानं."

तात्या रुमाल गुंडाळत होते. "ठिवली म्हनूनच चावला," ते म्हणाले. "तुज्याच घरचा हाय."

काकूंनी भिंतीकडं तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला मागून कळलं नाही.

डीपी आली, जनरेटर परत गेला, पण तात्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आले. माशाला बघायला आलो, म्हणाले. तिसऱ्या दिवशीही आले. पुढं ते रोजचंच झालं. दोघं खुर्च्या टाकून टाकीसमोर बसत आणि एकमेकांशी न बोलता माशाशी बोलत. तात्या माशाला सांगत, "ह्या मानसाला म्हनावं, आशी आडीनडीला बॅटरीवरची मोटर आसावी." सभापती माशाला सांगत, "त्यांना म्हनावं, तुमचं दुधाचं गिऱ्हाईक पानी घातलं म्हनून वरडत व्हतं, आदी ते बगा." मी माडीवरून खाली येता-जाता हे ऐकत असे. कारखान्यात ही गंमत सांगितली की सगळे हसायचे. मीही हसून सांगायचो.

एका दुपारी मी पाण्याचं मीठ तपासत होतो. तात्या माशाकडं बघत होते आणि नेहमीच्याच सुरात म्हणाले, "ह्या मानसाला इचार, मला एकदा तरी घरी बोलावून इचारलं का ह्यानं, का बे, तू कावून उभा ऱ्हायलास?"

मी नळी तशीच हातात धरून थांबलो. सभापतींच्या हातात चिमटा होता, चिमट्यात कोळंबी. मासा खाली वाट बघत होता. सभापतींनी चिमटा बशीत ठेवला, खुर्ची वळवली आणि सरळ भावाकडं बघून विचारलं, "कावून उभा ऱ्हायलास?"

तात्या गांगरले. प्रश्न त्यांनीच मागितला होता, पण तो इतक्या समोरून येईल असं त्यांना वाटलं नसावं. मग म्हणाले, "तू म्हनलतास, म्होरल्या टायमाला तुला उभा करतो. त्या टायमाला मी वाट बगितली. मंग परत म्हनलास, म्होरल्या टायमाला. मी समद्या गावात सांगून बसलतो. बायकूला सांगून बसलतो."

सभापतींनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. बाहेर रस्त्यानं उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला.

"म्हनलतो," ते म्हणाले. "ध्यानात हाय माज्या."

तेवढंच. माफी नाही, गळाभेट नाही. सभापतींनी चिमटा उचलून कोळंबी तात्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "आज तू दे. बोट जप." त्यानंतर ते दोघं माशाशी कमी आणि एकमेकांशी जास्त बोलायला लागले. बहुतेक भांडायचेच, राजकारणावरून, दुधाच्या भावावरून, बोअरच्या पाण्यावरून. पण ते भांडण घरातलं होतं.

पुढं मला सोलापूरकडच्या एका कारखान्यात चांगली जागा मिळाली आणि मी तेलगाव सोडलं. पाण्याची नळी कशी वाचायची ते तात्यांना शिकवून आलो. सभापती फोन करायचे. माशाची खुशाली आधी, स्वतःची मागून. मग एका हिवाळ्यात मुलीचा फोन आला. आण्णा सकाळी पेपर वाचता वाचता गेले. गळीत हंगाम ऐन भरात होता, मला लगेच निघता आलं नाही. कारखाना बंद झाल्यावर, उन्हाळ्यात, मी तेलगावला गेलो.

बैठकीचं दार उघडं होतं. तात्या टाकीसमोर बसून पेपर वाचत होते, मनातल्या मनात. मला बघून उठले, माझा हात दोन्ही हातांत धरला. आम्ही सभापतींबद्दल बोललो. शेवटच्या दिवसांत ते कुणावर चिडले होते, कुणाला काय म्हणाले होते, हे सांगताना तात्या हसत होते. मी टाकीकडं बघितलं. मासा कपारीत होता, बाहेर येईना. मी काचेजवळ गेलो तसा तो आणखी आत सरकला. मला वाटलं, म्हातारा झाला असेल, नाहीतर आजारी.

काकूंना भेटायला आत गेलो. त्या चहा टाकत होत्या. मी म्हणालो, मासा जरा मलूल दिसतो.

काकूंनी बैठकीकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्यो पयला न्हाई."

मला कळलं नाही.

"पयला गेला. ह्यांचं मासिक झालं न् त्यानं खायाचं सोडलं. भावजींनी लई केलं, पुन्याहून औषिद आनलं. न्हाई ऱ्हायला. मागल्या बाबळीखाली पुरला. मला वाटलं, चला, सुटले मी, कोळंबीचा फ्रीज तेवढा बाहीर काढू." त्यांनी गॅस बारीक केला. "दोन रोज भावजी आले न्हाईत. तिसऱ्या रोजी ह्यो नवा घिऊन आले, त्याच जातीचा. पुन्याला जाऊन, स्वता. मी म्हनलं, भावजी, कावून आनला? आता कोन हाय हितं माशाची हौस आसनारं? तर दारातच उभे ऱ्हाऊन म्हनले, वयनी, मंग मी ह्या घरात कशाच्या निमतानं यीव?"

दूध वर येत होतं. त्यांनी पातेलं उतरवलं आणि तीन कपांत चहा गाळला.

"त्याला आजून चावायला यीत न्हाई," त्या म्हणाल्या. "भावजी म्हनतात, शिकंल." आणि एक कप माझ्या हातात देऊन, उरलेले दोन घेऊन त्या बैठकीकडं गेल्या.